सापेक्ष वेग आणि फेकलेला चेंडू: आधी अंताक्षरी, मग आकडेमोड

"सर, हितं अधिक करायचं का वजा?"

सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो, आणि विचारणारं पोर बहुतेक वेळा हुशार असतं. सूत्रं पाठ असतात, सीईटीचे जुने पेपर सोडवून झालेले असतात. तरी नदीचं, पावसाचं किंवा चालत्या गाडीतून फेकलेल्या चेंडूचं गणित आलं की हात अडखळतो. सूत्र कुणाचं चुकत नाही. हा वेग कोणाचा आणि कोणापासून मोजलेला, हे न लिहिताच आकडे भरले जातात, तिथे घोळ होतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. "हे येतंय मला" म्हणून पहिला टप्पा गाळणारेच चौथ्या टप्प्यात अडकतात.

तयारी

चौकटीची वही, पट्टी आणि कोनमापक. सातव्या आणि आठव्या टप्प्यातल्या प्रयोगांसाठी काचेची गोटी, वायरिंगची केसिंग पट्टी (हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती), मीटर टेप, दोरा आणि एक जड नट, कार्बन पेपर, बादली, टेनिस बॉल, मोबाईलवरचं स्टॉपवॉच.

एककं आधी जुळवा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे ५ मी./से. हे एक पाठ असलं की ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २० हे तोंडी येतं. पाच छेद अठरा का अठरा छेद पाच, असा गोंधळ झाला तर एवढंच बघा: मी./से. मधला आकडा नेहमी लहान.

गुरुत्वीय त्वरण वहीतल्या गणितांना १० आणि प्रयोगाला ९.८ मी./से.² घ्या. एकाच गणितात दोन्ही वापरू नका.

टप्पा १: प्रत्येक वेगाला दोन अक्षरं लावा

"पोहणाऱ्याचा वेग १ मी./से." ही अर्धीच माहिती आहे. काठावर बसलेल्या माणसाने मोजला, की पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या ओंडक्यावरून? म्हणून प्रत्येक वेगाला दोन अक्षरं लावायची. पहिलं अक्षर ज्याचा वेग त्याचं, दुसरं ज्याच्यापासून मोजला त्याचं. (एखाद्याच्या "सापेक्ष" वेग म्हणजे त्याच्यापासून मोजलेला वेग.)

पो-पा: पोहणाऱ्याचा वेग, पाण्यापासून.
पा-का: पाण्याचा वेग, काठापासून.
पो-का: पोहणाऱ्याचा वेग, काठापासून.

आता अंताक्षरी खेळायची. पहिला शब्द ज्या अक्षरावर संपतो, त्याच अक्षराने दुसरा सुरू झाला पाहिजे. तसं असेल तरच बेरीज:

पो-का = पो-पा + पा-का

मधला "पा" गळतो आणि दोन टोकं उरतात. पो-पा आणि पो-का यांची बेरीज करायला गेलात तर अंताक्षरी जुळत नाही, म्हणजे त्या बेरजेला अर्थच नाही.

मग वजा कुठून येतं? अक्षरं उलटवली की. पाण्यावरून बघताना काठ जितका मागे जातो, तितकंच पाणी काठावरून बघताना पुढे जातं, म्हणून का-पा = −(पा-का). वजाबाकीचा वेगळा नियम नाहीच. एसटी आणि मोटारसायकल दोन्ही रस्त्यावर आहेत. ए-र माहीत आहे, मो-र माहीत आहे, हवाय ए-मो. अंताक्षरी लावा: ए-मो = ए-र + र-मो. यातलं र-मो आपल्याकडे नाही, मो-र आहे. उलटवलं की वजा आलं: ए-मो = ए-र − मो-र.

तपासा: प्रश्नातले शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ मारा. "शांत पाण्यात", "वाऱ्याच्या सापेक्ष", "गाडीतल्या माणसाच्या दृष्टीने" असं काही असेल तर दुसरं अक्षर पाण्याचं, हवेचं, गाडीचं. "काठावरून पाहणाऱ्याला", "जमिनीच्या सापेक्ष" असेल तर काठाचं किंवा जमिनीचं. रेघ मारायच्या आधी आकडा लिहायचा नाही.

टप्पा २: दिशा ठरवा आणि मग बदलू नका

वहीच्या कोपऱ्यात छोटी फुली काढा. उजवीकडे अधिक, वर अधिक, असं लिहून टाका. सहा ओळींनंतर "खाली जातंय म्हणून खाली अधिक धरू" असं मनात आलं तर नव्या पानावर पहिल्यापासून लिहा. अर्ध्यावर बदललेलं चिन्ह सापडत नाही.

टप्पा ३: एकाच रेषेतली गणितं

आधी सोपं. मिरजेहून पुण्याकडे निघालेल्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसलाय, गाडी ताशी ७२. शेजारच्या रुळावरून समोरून ४२० मीटर लांबीची मालगाडी येते, ताशी ५४. पुण्याची दिशा अधिक.

आपली-रूळ = +२०, मालगाडी-रूळ = −१५.
मालगाडी-आपली = −१५ − (+२०) = −३५ मी./से.

खिडकीसमोरून ती जायला ४२० ÷ ३५ = १२ सेकंद. दोन्ही गाड्या एकाच दिशेने चालल्या असत्या तर फरक ५ मी./से., म्हणजे ८४ सेकंद.

इथली नेहमीची चूक लांबीची. खिडकीतल्या माणसाने विचारलं तर फक्त समोरच्या गाडीची लांबी घ्यायची. "दोन्ही गाड्यांनी एकमेकींना पूर्ण ओलांडायला" असं विचारलं तर दोघींची. आपली गाडी २८० मीटर असेल तर (४२० + २८०) ÷ ३५ = २० सेकंद. पर्यायांत १२ आणि २० दोन्ही दिलेले असतातच.

तपासा: समोरासमोर असतील तर सापेक्ष वेग दोघांपेक्षा मोठा यायला हवा. एका दिशेने असतील तर मोठ्या वेगापेक्षा लहान.

मिरज जंक्शनला शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटून चहाचा कप टाकून धावलेले लोक मी पाहिलेत. त्यांनी दुसरं अक्षर चुकीचं लावलेलं असतं. प्लॅटफॉर्मच्या खांबाकडे बघितलं की अक्षर बदलतं आणि चहा वाचतो.

टप्पा ४: नदी, म्हणजे दोन दिशांची बेरीज

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, म्हणून सावकाश. आकडे गणितापुरते धरू: पात्र १२० मीटर, पो-पा = १ मी./से., पा-का = ०.५ मी./से.

प्रश्न दोन प्रकारचे असतात आणि पोरं एकाचं उत्तर दुसऱ्याला देतात.

(क) लवकरात लवकर पलीकडे. नाक सरळ पलीकडच्या काठाकडे ठेवायचं, म्हणजे स्वतःचा सगळा वेग नदी ओलांडण्यात लागतो. वेळ = १२० ÷ १ = १२० सेकंद. तेवढ्या वेळात प्रवाह ०.५ × १२० = ६० मीटर खाली नेतो.

चूक १: "प्रवाह आहे म्हणजे वेळ जास्त लागणार." नाही. प्रवाह दुप्पट झाला तरी १२० सेकंदच लागतील. तुम्ही ६० ऐवजी १२० मीटर खाली लागाल एवढंच. प्रवाह काठाला समांतर आहे, त्याचा पलीकडे नेण्यात काही वाटा नाही.

चूक २: पो-का काढायचा, √(१² + ०.५²) = १.१२, आणि १२० ला त्याने भागून १०७ सेकंद लिहायचं. वेग तिरक्या वाटेवरचा आणि अंतर सरळ वाटेचं. तिरकी वाट १३४ मीटरची आहे, आणि १३४ ÷ १.१२ केलं की पुन्हा १२० च येतं. ज्या दिशेचा वेग, त्याच दिशेचं अंतर.

(ख) नेमकं समोरच्या पायरीला. आता स्वतःच्या वेगातला एक भाग प्रवाह खोडायला द्यायचा. लंब रेषेपासून θ कोनात प्रवाहाविरुद्ध तोंड केलं तर १ × साइन θ = ०.५, म्हणजे θ = ३० अंश. ओलांडायला उरतो १ × कॉस ३० = ०.८६६. वेळ सुमारे १३९ सेकंद.

चूक ३: कोन कशापासून? लंबापासून ३०, वरच्या अंगाच्या काठापासून ६०, प्रवाहाच्या दिशेपासून १२०. पर्यायांत तिन्ही असतात. चित्रात कंस काढून कोन दाखवल्याशिवाय पर्यायाला गोल करू नका.

(ग) प्रवाह पोहणाऱ्यापेक्षा जोरात. पा-का = १.२५ धरा. साइन θ = १.२५ असा कोन नसतो, म्हणजे नेमकं समोर लागणं शक्यच नाही. कॅल्क्युलेटर एरर देतो आणि पोरं तो बिघडला म्हणतात. इथे प्रश्न बदलतो: कमीत कमी खाली वाहून कसं जाता येईल? त्याला साइन θ = पो-पा ÷ पा-का = ०.८, कोन सुमारे ५३ अंश. ओलांडण्याचा वेग ०.६, वेळ २०० सेकंद, खाली जाण्याचा वेग १.२५ − ०.८ = ०.४५, म्हणजे ९० मीटर. नाक सरळ ठेवलं असतं तर १२० सेकंदांत १५० मीटर खाली लागला असता.

घाटावरचे मुरलेले पोहणारे यातलं काही मांडत बसत नाहीत. वरच्या अंगाला चालत जातात, तिथे पाण्यात उतरतात, सरळ पोहत राहतात आणि तिरके वाहत हव्या त्या पायरीला लागतात. म्हणजे (क) च, फक्त सुरुवात ६० मीटर वरून. प्रवाहाशी भांडण्यापेक्षा हे शहाणपणाचं, असं माझंही मत.

सावधान: ही गणितं सगळ्या पात्रात सारखाच प्रवाह धरतात. खरी नदी काठाशी संथ आणि मध्ये जोरात असते. वळणावर बाहेरच्या बाजूला ओढ जास्त. पडताळा घ्यायला कृष्णेत उतरू नका. पावसाळ्यात तर नाहीच. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी असते, पण ओढ त्याच्या कितीतरी आधीपासून जीवघेणी असते.

टप्पा ५: पाऊस

हेच गणित, फक्त उलटं. पाऊस सरळ उभा ६ मी./से. ने पडतोय, तुम्ही विश्रामबागेतून मिरजेकडे सायकलवर ४.५ मी./से. हवंय पाऊस-सायकल, म्हणजे पाऊस-रस्ता वजा सायकल-रस्ता. उभ्या दिशेत ६ खाली, आडव्या दिशेत ४.५ मागे. पाऊस समोरून तोंडावर येतो, ७.५ मी./से. ने, उभ्या रेषेपासून सुमारे ३७ अंशांत. छत्री पुढे झुकवायची. (गणितात. सायकलवर छत्री धरू नका.)

उभ्या रेषेपासून कोन हवा तर टॅन = आडवा ÷ उभा. उलटं केलं की ५३ येतं आणि तोही पर्याय दिलेला असतो.

दुसरा प्रकार जरा वाकडा: पूर्वेला ३ मी./से. ने जाताना पाऊस सरळ वाटतो, ६ ने जाताना ४५ अंशांत वाटतो, तर खरा वेग? पहिल्या वाक्याचा अर्थ एवढाच की पावसाचा आडवा वेगही पूर्वेला ३ आहे. दुसऱ्यातून आडवा सापेक्ष वेग ३ − ६ = −३, कोन ४५, म्हणून उभाही ३. खरा वेग ३√२, म्हणजे सुमारे ४.२ मी./से. पहिलं वाक्य वापरायच्या आधीच दुसऱ्यावर उडी मारणारे पानभर लिहितात आणि कुठेच पोचत नाहीत.

टप्पा ६: फेकलेली वस्तू, आधी उभ्यातून वेळ

पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे "उभं", उजवीकडे "आडवं". उभ्यात त्वरण १० खाली. आडव्यात त्वरण शून्य. दोन्ही बाजूंना समान गोष्ट एकच: वेळ. क्रम असा:

१. सुरुवातीच्या वेगाचे दोन घटक करा.
२. उभ्या बाजूने वेळ काढा.
३. ती वेळ आडव्या बाजूला नेऊन अंतर काढा.
४. शेवटचा वेग हवा असेल तरच दोन्ही घटक पुन्हा जोडा.

उदाहरण: १५ मीटर उंच गच्चीवरून २० मी./से. ने, आडव्या रेषेच्या वर ३० अंशांत चेंडू फेकला. उभा घटक १०, आडवा १७.३. गच्चीवरून जमिनीपर्यंत −१५ = १०t − ५t², यातून t = ३ सेकंद. अंतर १७.३ × ३ = ५२ मीटर.

पाठ केलेलं पल्ल्याचं सूत्र लावलं की ३४.६ मीटर येतं. ते सूत्र चेंडू सोडला त्याच पातळीला पडत असेल तरच चालतं. मी तर म्हणतो, पहिले दोन महिने ते सूत्र वापरूच नका. पान दुमडलेलं असेल तर त्याची गरज पडत नाही.

तपासा: जमिनीवर आदळताना उभा वेग १० − ३० = −२०. एकूण √(३०० + ४००) = २६.५ मी./से. ऊर्जेनेही √(४०० + २ × १० × १५) = २६.५. दोन वाटांनी एकच आकडा आला म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

आणखी एक जुनं दुखणं: "सर्वात वरच्या बिंदूला वेग शून्य." उभा घटक शून्य होतो, आडवा १७.३ तसाच असतो. त्वरणही तिथे १० च असतं. ते शून्य झालं असतं तर चेंडू खाली वळलाच नसता.

हे सगळं हवेचा अडथळा नाही असं धरून. उसाला लावलेली रेनगन (पाणी लांबवर उडवणारा मोठा फवारा) बघा. पुस्तक म्हणतं ४५ अंशांत पल्ला सर्वाधिक, पण बऱ्याच रेनगनचं तोंड त्याहून बरंच खाली असतं. पाण्याची धार हवेत फुटते, थेंबांचा वेग पटकन मरतो, आणि उंच गेलेलं पाणी वारा घेऊन जातो. परीक्षेत ४५ च लिहा.

टप्पा ७: गोटीचा वेग प्रत्यक्ष मोजा

तासाभराचं काम आहे, पण यानंतर "वेळ उभ्यातून" हे सांगावं लागत नाही.

१. केसिंग पट्टीचं एक टोक पुस्तकांच्या चवडीवर ठेवा. खालचं टोक वाकवून टेबलाच्या कडेपर्यंत शेवटचे १०-१५ सेंटिमीटर पूर्ण सपाट चिकटवा.
२. कडेवरून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो जमिनीला टेकतो तिथे खडूने खूण करा. हेच शून्य.
३. टेबलाची उंची मोजा. आमची ७५ सेंटिमीटर होती.
४. गोटी एकदा सोडून साधारण कुठे पडते ते बघा, मग तिथे कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर चिकटवा.
५. पट्टीवर एक रेघ आखा. तिथे फूटपट्टी आडवी धरून गोटी अडवा आणि फूटपट्टी वर उचलून गोटी सोडा. बोटाने सोडली की नकळत ढकलली जाते.
६. दहा वेळा सोडा. पहिल्या टप्प्याचे ठिपके गडद असतात, उसळून पडलेले फिके. फिके सोडून द्या.

आमच्या दहा ठिपक्यांचा पुंजका पाच रुपयांच्या नाण्याएवढा होता. खुणेपासून मध्य ५७.६ सेंटिमीटरवर. वेळ = √(२ × ०.७५ ÷ ९.८) = ०.३९१ सेकंद. वेग = ०.५७६ ÷ ०.३९१ = १.४७ मी./से.

आता गंमत. गोटी सपाट भागापेक्षा १६ सेंटिमीटर वरून सोडली होती. एका मुलीने लगेच √(२ × ९.८ × ०.१६) = १.७७ काढलं आणि म्हणाली, प्रयोग चुकला. प्रयोग बरोबर होता. गोटी घसरत नाही, गडगडते, आणि ऊर्जेचा सात भागांतला दोन भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो. त्यामुळे वेग √(१० × ९.८ × ०.१६ ÷ ७) = १.५०. आमचा १.४७ त्याला चिकटून आहे. खाचेत दोन कडांवर टेकून गडगडली तर फिरण्यातला वाटा आणखी वाढतो आणि वेग आणखी थोडा घटतो.

चुका: अंतर टेबलाच्या पायापासून मोजणं (कड पायाच्या पुढे आलेली असते), सपाट भाग खरं म्हणजे किंचित उतरता असणं, उतरणीची उंची आणि टेबलाची उंची एकमेकांच्या जागी भरणं, सेंटिमीटर तसेच सूत्रात टाकणं.

तपासा: गोटी कड सोडते त्याच क्षणी दुसरी गोटी कडेवरून नुसती खाली सोडा. डोळे मिटून ऐका. एकच "टक" ऐकू यायला हवा. दोन आवाज आले तर सपाट भाग सपाट नाही, किंवा तुमचा हात उशिरा सुटला.

टप्पा ८: चालता चालता फेक

आता दोन्ही धडे एकत्र. ट्रॅक्टरची ट्रॉली ४ मी./से. ने चालली आहे. ट्रॉलीतल्या पोराने ट्रॉलीच्या सापेक्ष १० मी./से. ने, ३७ अंशांत पुढे चेंडू फेकला.

अंताक्षरी: चेंडू-जमीन = चेंडू-ट्रॉली + ट्रॉली-जमीन.
आडवं: ८ + ४ = १२. उभं: ६ + ० = ६.
वेळ = २ × ६ ÷ १० = १.२ सेकंद (त्याच उंचीला परत येईपर्यंत).
जमिनीवरून बघता अंतर १४.४ मीटर, ट्रॉलीतून बघता ९.६ मीटर.

वर्गात निम्मे जण इथे १० + ४ = १४ करून ३७ अंशांत फेकतात. त्याने वेळ १.६८ सेकंद आणि अंतर जवळजवळ १९ मीटर येतं. ट्रॉली आडवी चालली आहे, तिने उभ्या वेगात भर कशी घातली? घटक आधी, बेरीज नंतर. कोनही बदलतो: जमिनीवरच्या माणसाला चेंडू ३७ नव्हे, सुमारे २७ अंशांत निघालेला दिसतो.

तपासा: हवेत राहण्याची वेळ ट्रॉलीवरून आणि जमिनीवरून एकच यायला हवी. वेगळी आली तर उभ्या रकान्यात काहीतरी घुसलंय.

चालत्या वाहनातून प्रत्यक्षात काही फेकून बघू नका. त्यासाठी बादली आहे. मैदानात ६ मीटरची पट्टी आखा आणि ती ४ सेकंदांत चालायचा सराव करा, म्हणजे १.५ मी./से. वाटेत बादली ठेवा. चेंडू बादलीच्या काठापेक्षा ९० सेंटिमीटर उंच धरून, न थांबता, तो बादलीत पडेल असा नुसता सोडायचा. पडायला √(२ × ०.९ ÷ ९.८) = ०.४३ सेकंद, तेवढ्यात चेंडू पुढे जातो ०.६४ मीटर. म्हणून बादलीच्या ६४ सेंटिमीटर आधी खडूची रेघ आणि हात रेघेवर आला की सोडायचा.

पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक जण बादलीच्या अगदी वर आल्यावर सोडतो आणि चेंडू पलीकडे पडतो. रेघ आखून दिल्यावरही चुकतो, कारण सोडताना पाऊल थबकतं किंवा हात झटका देतो. नजर बादलीवर नको, पलीकडच्या झाडावर ठेवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला "टप" असा आवाज येतो.

टप्पा ९: दोन्ही वस्तू हवेत

झाडावरची कैरी १२ मीटर दूर, ५ मीटर उंच. दगड थेट कैरीवर नेम धरून मारला आणि त्याच क्षणी कैरी देठातून सुटली. लागेल का?

दोघांचंही त्वरण १० खाली. दगड-कैरी त्वरण = १० − १० = ०. म्हणजे कैरीवर बसून बघणाऱ्या मुंगीला दगड सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने आपल्याकडेच येताना दिसतो. ना वर्गसमीकरण, ना घटक. अंतर √(१४४ + २५) = १३ मीटर. दगड २६ मी./से. चा असेल तर ०.५ सेकंदात गाठ. तोवर कैरी १.२५ मीटर खाली आलेली असते.

इथे "नेम थेट धरला, म्हणजे लागणारच" असं लिहून पुढे जाऊ नका. कैरीला जमिनीवर यायला √(२ × ५ ÷ १०) = १ सेकंद लागतो. दगडाने १३ मीटर त्याच्या आत कापले पाहिजेत, म्हणजे वेग १३ मी./से. पेक्षा जास्त हवा. दहानेच मारलात तर गाठ पडायला १.३ सेकंद हवेत, आणि कैरी तर ०.३ सेकंद आधीच मातीत पडलेली असते.